मे महिन्यात युरोप, परतताना दुबई : बॅगेत कपडे कोणते भरायचे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नागपूरहून तुम्ही पाच जण निघणार. तुम्ही, यजमान, शाळेत जाणारी दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. मेच्या मध्यावर पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली आणि परतताना दोन दिवस दुबई-अबूधाबी. सासूबाई साडीशिवाय दुसरं काही घालत नाहीत. पाचही जणांना जाड जॅकेटं घ्यावीत का, तुम्ही जीन्स-टॉप शिवाय जाऊ नये असं मैत्रिणी म्हणतात ते खरं का, आणि "तिकडे आपण विचित्र तर दिसणार नाही नं?"

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण निम्मी खरेदी त्याच धास्तीपोटी होते. नाही दिसणार. पॅरिसच्या किंवा रोमच्या रस्त्यावर जगभरचे लोक जगभरच्या कपड्यांत फिरत असतात, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही. साडीतल्या आजींना थांबवून "फोटो काढू का" असं विचारणारे मात्र नेहमी भेटतात. मी विदर्भातले ग्रुप घेऊन बरीच वर्षं बाहेर जातोय. हौसेनं घेतलेल्या नव्या जीन्समध्ये अवघडून बसलेल्या बायका बसमध्ये बघतो तेव्हा वाईट वाटतं. ज्या कपड्यात तुम्ही इथं धरमपेठेत दिवसभर कामं उरकता, तोच कपडा तिकडे सगळ्यात चांगला. पंजाबी ड्रेस बिनधास्त चालतो. फक्त ओढणी लांब लोंबणारी नको, सरकत्या जिन्यात आणि बसच्या दारात अडकते.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. लोक विचारतात "युरोपात काय घालायचं?", पण युरोप हा काही एक हवामानाचा तुकडा नाही. एकाच दिवसात सकाळी गावात स्वेटर, दुपारी डोंगरावर बर्फ, संध्याकाळी परत गावात ऊन असं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात गुडघे झाकलेले आहेत का ते बघतात. म्हणून मी ग्रुपला सांगतो, आधी कार्यक्रमाचा कागद समोर घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहा : किती उंचीवर जायचंय, किती चालायचंय, आणि कोणत्या धार्मिक जागेत शिरायचंय. कपडे त्यावरून आपोआप ठरतात.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून कळणार नाहीत. टूर कंपनीच्या बसनं जाणार असाल तर जाड जॅकेट सीटवर ठेवून उतरता येतं. स्वतः ट्रेननं फिरणार असाल तर तेच जॅकेट दिवसभर हातावर वागवावं लागतं, तेव्हा पातळ घ्या. सासूबाईंना गुडघेदुखी, दमा किंवा मधुमेह असेल तर बूट आणि मोज्यांचा विचार आणखी बारकाईनं करावा लागेल. आणि मे महिना तिकडे लहरी असतो. पॅरिसमध्ये एखाद्या दिवशी दुपारी २५ अंश, तर दुसऱ्या दिवशी १२ अंश आणि भुरभुर पाऊस. निघायच्या तीन-चार दिवस आधी हवामान बघून दोन-तीन गोष्टी बदलायची तयारी ठेवा.

आता थंडी. नागपूरकराची गंमत अशी की एप्रिलमध्ये पारा ४३-४४ वर असताना तो स्वेटर घ्यायला निघतो. त्या उकाड्यात थंडीचा अंदाजच येत नाही. मग एक तर माणूस "इतकी काय थंडी असते" म्हणून शालीवर भागवतो, नाही तर घाबरून अंटार्क्टिकाला चालल्यासारखा कोट घेतो. दोन्ही नको. साधा हिशेब करा. उंची हजार मीटरनं वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन गाव समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि बर्फ बघायला डोंगरावर जातात ते युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर. मधला फरक जवळपास २,९०० मीटर, म्हणजे १९ अंश. गावात दुपारी १८ अंश असतील तर वर शून्याच्या खाली, त्यात वारा सुटला की अंगाला आणखी गार लागतं. तिथल्या बर्फाच्या गुहेत आणि बाहेरच्या उघड्या गच्चीवर मिळून तुम्ही कडाक्याच्या थंडीत जेमतेम तास-दीड तास असता. बाकीचा वेळ ट्रेनमध्ये, केबल कारमध्ये, हॉटेलात, सगळीकडे ऊबदार. तेवढ्या तासाभरासाठी पाच जणांनी पाच अवजड कोट वागवायचे का, याचा विचार करा.

मी सांगतो ते थरांचं. अंगाला चिकटून पातळ थर्मल, म्हणजे आपण ज्याला इनर म्हणतो ते. त्यावर रोजचा शर्ट किंवा कुर्ता. त्यावर फ्लीसचं किंवा लोकरीचं स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ विंडचीटर, टोपीसकट. थरांच्या मध्ये जी हवा अडकते तीच ऊब धरते, म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे जास्त उपयोगी पडतात. शिवाय बसमध्ये गरम झालं की एक-एक काढता येतं. सुती बनियन मात्र थर्मलच्या आत घालू नका. ट्रेनमध्ये घाम आला की सुती कापड तो शोषून घेतं आणि बर्फावर गेलात की तोच ओलावा पाठीला गार लागतो.

पाचही जणांनी सगळं नवं घेऊ नका. थर्मल प्रत्येकाला एक जोडी हवंच, विंडचीटर हवंच. स्वेटर घरात असतील ते चालतात. हिवाळ्यात तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून घेतलेले कपाटात पडलेले असतीलच. लेह-लडाख करून आलेले शेजारी-पाजारी असतील तर जॅकेट उसनं मागा, त्यात लाज काही नाही. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे यांवर मात्र काटकसर करू नका. मुलांना हातमोजे दोन-दोन जोड्या द्या आणि एक तरी पाणी न शिरणारी असू द्या. मुलं बर्फात हात घालणार, लोकरीचा मोजा पाच मिनिटांत ओला होणार आणि मग रडारड. त्याच दिवशी त्यांना जीन्स घालू नका. ओली जीन्स वाळत नाही आणि मांडीला गारठा धरून बसते. काळा चष्मा आणि सनस्क्रीन बर्फाच्या दिवशी लागतंच, कारण वर ऊन थेट लागतं आणि बर्फावरून उलटूनही येतं. चष्म्याची आठवण सासूबाईंना खास करा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर जास्तच.

पॅरिसच्या संध्याकाळी पण लोक फसतात. मेच्या मध्यावर तिथं सूर्य सव्वानऊ-साडेनऊला मावळतो. दुपारी ऊन बघून सगळे पातळ कपड्यात निघतात, आयफेल टॉवरच्या २७६ मीटर उंचीवरच्या माथ्यावर वारा झोंबतो, नंतर सीन नदीत बोटीच्या वरच्या उघड्या मजल्यावर बसतात आणि मग "थंडी वाजून राहिली" म्हणत खाली पळतात. त्या दिवशी विंडचीटर आणि एक मफलर सोबतच्या पिशवीत असू द्या, एवढं पुरे.

सासूबाईंच्या साडीकडे येतो. या विषयावर मी तास बोलू शकतो, कारण माझ्या ग्रुपमध्ये साडीतल्या मावश्या-काकू नेहमी असतात आणि त्या व्यवस्थित फिरतात. कोणी त्यांना "ड्रेस घाला" म्हणून मागे लागू नये. आयुष्यभर साडीत वावरलेल्या बाईला अचानक सलवार दिली की ती चालताना बिचकते आणि पडते. फक्त साडीची निवड आणि नेसण्यात थोडा बदल करावा लागतो.

सुती आणि कडक स्टार्चच्या साड्या घरी ठेवा. जॉर्जेट, क्रेप किंवा चांगली सिंथेटिक साडी घ्या. घडी लहान होते, चुरगळत नाही, रात्री धुतली तर सकाळी वाळते. रोजच्यापेक्षा दोन बोटं वर नेसवा. फॉल जमिनीला टेकला की पावसात ओला होतो, मग ती ओली किनार दिवसभर घोट्याला थडथड लागते आणि त्यांना थंडी पायातून चढते. परकराच्या आत थर्मलची लेगिंग घातली की खालची थंडी गेली. वर ब्लाउजच्या जागी पूर्ण बाह्यांचं, गोल गळ्याचं थर्मल चालतं. साडीला जुळेल असा काळा किंवा मरून रंग घेतला तर कोणाला कळतही नाही. स्वेटर बटणांचं घ्या, डोक्यातून घालायचं नको, नाही तर प्रत्येक वेळी पदर विस्कटतो. पदर कमरेशी खोचून एकच पिन, तीही मोठी. विमानतळावर तपासणीच्या चौकटीत पिना, धातूच्या बांगड्या आणि कंबरपट्ट्याच्या कड्या वाजतात. वाजलं तर बाई कर्मचारीच तपासते, घाबरायचं कारण नाही, हे त्यांना घरीच सांगून ठेवा.

सरकता जिना ही साडीतल्या बाईची सगळ्यात अवघड जागा. पॅरिसच्या मेट्रोत असे जिने बरेच आहेत. पाऊल ठेवायच्या आधी डाव्या हातानं निऱ्या वर धरायच्या, उजवा हात कठड्यावर, आणि संपता संपता जिथं पायऱ्या दातेरी पट्टीखाली जातात तिथं पाऊल उचलून पुढे टाकायचं, घसटत न्यायचं नाही. फॉलची शिवण उसवून लोंबत असेल तर ती त्याच पट्टीत अडकते. निघण्याआधी सगळ्या साड्यांचे फॉल एकदा तपासून पक्के करून घ्या. सराव पाहिजे असेल तर नागपुरातल्या एखाद्या मॉलमध्ये किंवा मेट्रो स्टेशनवर त्यांना चार वेळा वर-खाली करवा. हसतील, पण उपयोग होतो. तिथं तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली उभ्या राहा.

आणि साडीवर स्पोर्ट्स शूज. होय, तेच. चपला-सँडलवर युरोप होत नाही. रोमच्या जुन्या भागात रस्त्याला काळ्या दगडाचे चौकोनी तुकडे बसवलेले असतात, त्यांना तिकडे सांपिएत्रिनी म्हणतात. मध्ये फटी, वरून गुळगुळीत, पाऊस पडला की निसरडे. टाचेचं काहीही त्यात अडकतं. रोज सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं आणि बस प्रत्येक ठिकाणी दारापर्यंत जात नाही.

बूट संध्याकाळी विकत घ्यायचे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि लांबच्या विमानप्रवासात तर नक्की सुजतो. जे मोजे तिकडे घालणार तेच घालून माप घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. मग निदान तीन आठवडे घालून फिरा. फुटाळ्याच्या काठाला सपाट चालणं होतं, पण उताराचा सराव हवा तर सेमिनरी हिल्सला जा. उतरताना पायाची बोटं पुढे आदळतात की नाही ते तिथंच कळतं. मी विमानतळावर ग्रुप जमला की आधी पासपोर्ट बघतो आणि मग सगळ्यांचे पाय. पांढरेशुभ्र, डब्यातून काढलेले बूट दिसले की त्या माणसाला फोडावरची पट्टी आधीच देऊन ठेवतो. मधुमेह असेल तर मोज्याला आतून जाड शिवण नको आणि रोज रात्री तळपाय तुम्ही स्वतः बघा. तिथं बारीक फोड कळत नाही आणि चिघळतो.

धार्मिक जागांचे नियम सोपे आहेत, फक्त ते दारात आठवून उपयोग नाही. व्हॅटिकनमध्ये, सेंट पीटर्स बॅसिलिका असो की सिस्टीन चॅपेल, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हा नियम पुरुषांनाही आहे. दर वेळी अडकतात ते बायका नाही, बर्मुडातले काका. यजमानांना त्या दिवशी पूर्ण पँट. तुम्हाला बिनबाह्यांचा कुर्ता घालायचाच असेल तर ओढणी खांद्यावरून घ्या. अबूधाबीच्या शेख झायेद मशिदीत नियम अधिक कडक : बायकांना डोकं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत, कपडा सैल आणि आरपार न दिसणारा. इथं साडी अडचणीची ठरते, कारण पोट आणि हात उघडे राहतात. सासूबाई त्या एका दिवसापुरता पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता आणि सलवार घालायला तयार असतील तर उत्तम. नसतील तर साडीवरून अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, घालून काम भागतं, तेवढं टूरवाल्याला आधी विचारून ठेवा. ऐनवेळी दारात म्हाताऱ्या माणसाला "हे घाला" म्हटलं की त्यांना अपमान वाटतो. घरी शांतपणे सांगितलं की "देवळात जाताना आपण चपला काढतो तसंच" म्हणून त्या स्वतःच मानतात, हा माझा अनुभव.

दुबईबद्दल एवढंच की मेच्या अखेरीस बाहेर ३८-४० अंश असतात, जे तुम्हाला घरचंच. त्रास आतला आहे. मॉल, मेट्रो, बस सगळीकडे एसी इतका गार की मुलांना शिंका सुरू होतात. युरोपातला एक पातळ स्वेटर तिथंही हाताशी ठेवा. पोहायचा पोशाख पूलवर आणि बीचवरच, त्यात लॉबीत फिरू नका.

पोहण्यावरून आठवलं. आपले लोक टी-शर्ट आणि सुती बर्मुडा घालून पाण्यात उतरतात, बहुतेक ठिकाणी ते चालत नाही. फ्रान्समधल्या सार्वजनिक तलावांत तर पुरुषांना सैल चड्डीही चालत नाही, अंगाला बसणारी लागते. मुलांसाठी नायलॉनचे कॉस्च्युम इथूनच न्या. दुसरी एक विनंती, थोडी स्पष्टच करतो : हॉटेलात नाश्त्याला गाउन किंवा लुंगीवर येऊ नका. खोलीबाहेर पडलात की बाहेरचे कपडे. कोणी काही बोलत नाही, पण बघतात.

दागिने कमीत कमी. मंगळसूत्र साधं, काळ्या मण्यांचं छोटं घाला, बाकी सोनं लॉकरमध्ये. पॅरिस आणि रोममध्ये गर्दीत खिसेकापू तरबेज असतात. यजमानांचं पाकीट मागच्या खिशात नको, कुर्त्याच्या बाजूच्या खिशात तर मुळीच नको. पासपोर्टसाठी कपड्याच्या आतून गळ्यात किंवा कमरेला बांधायची पातळ पिशवी मिळते, ती घ्या. साडीत ती कमरेला, परकराच्या नाडीजवळ छान बसते. तुमची पर्स आडव्या पट्ट्याची, चेन असलेली, आणि गर्दीत पोटावर. सगळ्या कुटुंबाचे एकसारखे छापील टी-शर्ट करायचा बेत असेल तर एका फोटोपुरता ठेवा. रोज घालून फिरलात की लांबूनच कळतं, नवखे पर्यटक आलेत.

संख्येचं विचाराल तर बारा दिवसांना प्रत्येकी चार-पाच वरचे कपडे, दोन-तीन खालचे, आतले कपडे सहा-सात. रात्री बाथरूममध्ये धुवा. ओला कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला की अर्धं पाणी तिथंच जातं. सोबत पातळ दोरी आणि चार चिमटे ठेवा, पण बाल्कनीत काही वाळत घालू नका. जीन्स माणशी एक पुरे, तीही प्रवासात अंगावर, कारण बॅगेत तिचं वजन जास्त. तिकिटावर किती किलो लिहिलेत ते आधी बघा, विमान कंपनी आणि तिकिटाप्रमाणे ते बदलतं. आपल्याकडे चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे आधी भरतात आणि कपडे उरलेल्या जागेत कोंबतात. निदान थर्मल तरी डब्यांच्या आधी भरा. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड आणि थर्मल केबिन बॅगेत असावं, म्हणजे मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडत नाही.

विमानात सैल कपडे, पायात मोजे, अंगावर शाल. आठ-नऊ तास बसून बूट तंग होतात, नाडी सैल करून बसा. सासूबाईंना तासा-दीड तासानं उठवून गल्लीतून एक चक्कर मारवा.

तुम्ही विचारलं नाही, पण नागपुरातून थायलंड आणि श्रीलंकेला जाणारे खूप असतात म्हणून जाता जाता. तिथं भगवान बुद्धांचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून जाऊ नका. आपल्याकडे तो श्रद्धेनं घालतात, तिकडे तो अनादर समजतात. २०१४ मध्ये श्रीलंकेनं एका ब्रिटिश बाईला दंडावर बुद्धाचं गोंदण असल्यामुळे देशाबाहेर पाठवलं होतं. उलट आपल्या उपासिका विहारात नेसतात ती पांढरी साडी श्रीलंकेच्या विहारात अगदी शोभते, तिथले लोकही पांढरं घालूनच येतात. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये फाटकी जीन्स, बिनबाह्या आणि शॉर्ट्स चालत नाहीत. आणि क्रिकेट बघायला कोणी वेस्ट इंडिजला निघालं असेल तर लष्करी ठिपक्यांचे कपडे घरी ठेवावेत. बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत सामान्य माणसानं ते घालणं कायद्यानं गुन्हा आहे, लहान मुलांनाही सूट नाही.

तुमच्या यादीत परत येतो. रोम सोडताना बॅग नव्यानं भरा : थर्मल, हातमोजे, कानटोप्या सगळं तळाशी, मशिदीचे कपडे आणि पातळ स्वेटर वर. अजून दोन महिने हातात आहेत. थर्मल आणि विंडचीटर एप्रिलमध्ये घेतले तरी चालतील, तेव्हा अनेकदा स्वस्तही मिळतात. बूट मात्र याच आठवड्यात घ्या, आणि सासूबाईंना सोबत नेऊन, संध्याकाळी.